पिल्लं होतीलच हो, आधी पाणी बघा

वाचकांचे प्रश्न : घरची माशांची टाकी

यावेळी आलेल्या प्रश्नांमधे गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हेच चौघं आहेत, गोल्डफिशवाले कुठे गेले कळत नाही. चौघंही अंडी न घालता थेट पिल्लं देणारे, स्वस्त, रंगीत, आणि "याला काही करावं लागत नाही" असं सांगून दुकानदार ज्यांची पिशवी हातात देतो ते. पत्रं लांबलचक होती म्हणून कामापुरती ठेवलीत.

सिडकोतून एक ताई विचारतात : माझ्याकडे गप्पीची एकच मादी आहे, नर कधी आणलाच नाही. पहिल्यांदा पिल्लं झाली तेव्हा वाटलं दुकानातूनच पोटुशी आली असेल. पण महिन्याने परत झाली आणि आता तिसऱ्यांदा पोट फुगलंय. दुकानदार म्हणतो गप्पीला नर लागतच नाही. खरं का?

नाही ताई, नर लागतो, फक्त दरवेळी लागत नाही. गप्पीच्या नराचं पोटाखालचं मागचं फिन बघा, मादीचं पंख्यासारखं असतं आणि नराचं निमुळतं, काडीसारखं, त्याला गोनोपोडियम म्हणतात. त्याच्या मदतीने नर शुक्राणू मादीच्या शरीरात सोडतो, आणि मादी ते सगळे एकदम वापरत नाही, आत साठवून ठेवते आणि पुढच्या कित्येक महिन्यांत एकेका खेपेला लागतील तसे वापरते. त्रिनिदादच्या ओढ्यांमधल्या गप्पींवर जो अभ्यास झालाय त्यात तर नर मरून दहा महिने झाल्यावरही त्याची पिल्लं जन्माला येत होती असं दिसलं. दुकानातल्या टाकीत नर-मादी सगळे एकत्रच असतात, आणि मादी दोन-तीन महिन्यांची झाली की ती कोरी राहतच नाही, त्यामुळे तुम्ही एक मादी विकत घेतली तरी खरं म्हणजे तिच्यासोबत दोन-चार नवरे पण घरी आणलेत. दोन-चार म्हणतोय कारण एकाच खेपेतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, पिल्लांचे रंग जुळले नाहीत तर घाबरू नका.

खेप साधारण 22 ते 30 दिवसांनी येते, पाणी गार असेल तर उशिरा. शेपटीकडच्या फिनजवळ पोटावर जो काळसर डाग असतो तो गडद होत जातो, फिकट रंगाच्या मादीत तर शेवटच्या दिवसांत पिल्लांचे डोळे ठिपक्यांसारखे दिसतात, आणि पोट गोल न राहता पुढून चौकोनी दिसायला लागलं की आज-उद्या समजा. आतल्या पिल्लांचं पोषण मुख्यतः अंड्यातल्या बलकावरच होतं, म्हणून पोट फुगल्यावर चारचारदा खायला घालून काही विशेष साधत नाही, उलट पाणी घाण होतं. मादीला रोजच नीट खाऊ घाला.

तुमच्या दुकानदाराच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, मोलीची एक जात खरंच फक्त माद्यांची आहे. अ‍ॅमेझॉन मोली म्हणतात तिला, राहते मात्र अ‍ॅमेझॉन नदीत नाही तर टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोकडे, आणि अशी फक्त माद्यांची जात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात असते हे 1932 साली पहिल्यांदा तिच्यामुळेच कळलं. तिला दुसऱ्या जातीच्या मोलीचा नर लागतो पण फक्त अंड्याची वाढ सुरू करून द्यायला, त्याचा वारसा पिल्लात उतरत नाही, सगळ्या मुली आईची कॉपी. पण ती काही तुमच्या दुकानात मिळत नाही.

इंदिरानगर : प्लॅटी आपलीच पिल्लं खाते का? ब्रीडिंग बॉक्स घ्यावा का?

खाते. राग धरू नका, तिच्या डोळ्यांसमोरून सहा-सात मिलिमीटरचं काहीतरी हलणारं गेलं की ते खाणं आहे एवढंच तिला कळतं, आणि आई पिल्लं सांभाळेल ही अपेक्षा आपली आहे तिची नाही. जाळीचा किंवा प्लास्टिकचा बॉक्स चालतो पण मादीला त्यात आठ-आठ दिवस कोंडू नका, एवढ्याशा जागेत ती घाबरते आणि मग अर्धी कच्ची किंवा मेलेली पिल्लं टाकते. त्यापेक्षा टाकीत हायड्रिला, हॉर्नवर्ट, जावा मॉस असलं गचपण भरपूर ठेवा, निम्म्या टाकीत झाडी असली तरी हरकत नाही. जी पिल्लं शहाणी असतात ती त्यात शिरतात आणि जगतात.

खायला रोजचंच फूड बोटांनी चुरून पिठासारखं करून द्या, दिवसातून तीन-चारदा, चिमटीच्याही कमी. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चालतो पण तो पाणी इतकं लवकर नासवतो की नवीन माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली अगदी बारीक कोळंबी, मिळाला तर उत्तमच. एक महिना झाला की नर-मादी ओळखू यायला लागतात, तेव्हाच वेगळे करा नाहीतर भाऊ-बहीण काही बघत नाहीत.

आणि ताई, सगळी वाचवायचीच असं का? एक चांगली पोसलेली मादी खेपेला 30-40 पिल्लं सहज देते. दोन फुटी टाकीत पाणी मावतं जेमतेम 50-55 लिटर. सहा महिन्यांनी काय होईल त्याचा हिशेब वही-पेन घेऊन करा, मग बॉक्स घ्यायचा की नाही ते ठरवा.

नाशिकरोड : नवीन टाकी घेतली, त्याच दिवशी पाणी भरून बारा मासे सोडले, पाच गप्पी, चार मोली, तीन स्वोर्डटेल. चौथ्या दिवसापासून मरायला लागले, आता तीन उरलेत. पाणी तर एकदम काचेसारखं स्वच्छ आहे. दुकानदाराने औषधाची बाटली दिली ती पण टाकली.

दादा, हा प्रश्न दर महिन्याला येतो, फक्त माशांचे आकडे बदलतात. तुमचे मासे आजाराने मेले नाहीत त्यामुळे औषधाने काही होणार नव्हतं.

मासा कल्ल्यांमधून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं फूड सडलं की अजून अमोनिया. तो डोळ्याला दिसत नाही, पाणी काचेसारखंच राहतं. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, ग्रॅव्हलवर, काचेवर दोन प्रकारचे जिवाणू वस्तीला असतात, पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बऱ्यापैकी चालतं आणि पाणी बदललं की निघून जातं. नवीन टाकीत हे जिवाणू नसतातच. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही तर पहिल्याच दिवशी बारा जणांचं बिऱ्हाड उतरवलं.

त्यात एक मेख अशी की या माशांना थोडं अल्कलीकडे झुकणारं पाणी आवडतं आणि नेमका त्याच पाण्यात अमोनिया जास्त मारतो. पीएच 7 असताना एकूण अमोनियातला जेवढा भाग घातक रूपात असतो, पीएच 8 ला तो जवळपास दहापट होतो. म्हणजे शेजाऱ्याच्या टाकीत जे खपून गेलं ते तुमच्याकडे खपेलच असं नाही.

आता उरलेल्या तिघांसाठी हे करा. रोज पाव टाकी पाणी बदला, दोन-तीन आठवडे तरी, मग आठवड्यातून एकदा पाव. नळाचं पाणी थेट ओतू नका. आपल्याकडे गंगापूर धरणाचं येवो नाहीतर मुकण्याचं, महापालिका त्यात क्लोरिन टाकूनच देते आणि ते बरोबरच आहे, ते आपल्याला पिण्यासाठी आहे, पण माशाच्या कल्ल्यांना ते भाजतं आणि वर सांगितलेले जिवाणूही मारतं. बादलीत काढून एक दिवस उघडं ठेवा, शक्य असेल तर त्यात एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडा, किंवा घाई असेल तर अँटीक्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. खाणं दिवसाआड, तेही दोन मिनिटात संपेल एवढंच. कुणाकडे जुनी निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमधे घाला, लाजू नका, त्या मळातच सगळं आहे. आणि तुमचा स्पंज यापुढे धुवायचा झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली घासूनपुसून चकाचक केला की परत पहिला दिवस. नवीन मासे महिनाभर आणू नका. बारा परत कधीच नको, दोन फुटीत सहा-सातपासून सुरू करा, बाकीचे ते स्वतःच आणतात.

गंगापूर रोड : मोली एकाच जागी उभी राहून सारखी डुलते, पोहत नाही, फिन मिटलेली. आम्ही तर तिला आरओचं पाणी देतो, अगदी पिण्याचं.

तेच बंद करा. मोली मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, समुद्राजवळच्या खाड्या-दलदलीतसुद्धा राहणारी, तिच्या काही जातभाई तर चक्क खाऱ्या पाण्यातही जगतात. तिला जड, क्षाराचं पाणी लागतं. आरओ मशीन नेमके तेच क्षार काढून टाकतं, मग तिच्या शरीरातला क्षारांचा तोल बिघडतो आणि ती अशी जागच्या जागी थरथरत राहते, पाळणारे लोक त्याला शिमी म्हणतात. गार पाणी आणि अमोनियानेही असं होतं, पण तुमच्या केसमधे उत्तर नळालाच आहे. ज्या बोअरच्या पाण्याने बादलीला आणि गिझरला पांढरे थर बसतात आणि ज्याला तुमची सोसायटी शिव्या घालते ते पाणी मोलीला मानवतं. एकदम बदलू नका, आठवडाभरात थोडं थोडं करून आरओच्या जागी बोअरचं किंवा क्लोरिन उडवलेलं नळाचं पाणी आणा. लिटरला एक ग्रॅम साधं खडे मीठ घातलं तरी चालेल, आधी मगभर पाण्यात विरघळवून. टाकीत नाजूक झाडं असतील तर मिठाचा नाद सोडा, नुसतं जड पाणी पुरतं.

निफाडहून एक दादा : थंडीत आमच्याकडे काय होतं तुम्हाला माहितीच आहे. हीटर घेतलाच पाहिजे का?

राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून पेपरात निफाडचं नाव दर हिवाळ्यात येतं आणि तुम्ही मला विचारताय! घ्या. गप्पी-प्लॅटी 22 ते 28 अंशात खूश असतात, मोलीला 25 च्या खाली नको. खोलीतलं तापमान रात्री 12-13 झालं की टाकीचं पाणीही हळूहळू त्या मागे जातं, मासा लगेच मरत नाही, खाणं सोडतो, तळाला बसतो, आणि मग अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. ते ठिपके म्हणजे एक परजीवी आहे, कातडीच्या आत असेपर्यंत त्याला कुठलंही औषध लागू पडत नाही, तो अंगावरून सुटून पाण्यात मोकळा फिरतो तेव्हाच मरतो. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले की औषध थांबवायचं नसतं, ठिपके गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा आणि पाणी हळूहळू 28-29 पर्यंत न्या म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो तेव्हा एअर पंप बंद नको.

हीटर लिटरला एक वॅट या हिशेबाने, 50 लिटरला 50 वॅटचा, थर्मोस्टॅटवाला. सोबत काचेचा साधा थर्मामीटर घ्या कारण स्वस्त थर्मोस्टॅट कधी चिकटून बसेल सांगता येत नाही आणि मग रस्सा होतो. पाणी बदलताना हीटरचा प्लग काढा, तापलेली काच हवेत उघडी पडली की तडकते. रात्री लाइट गेली तर टाकीला जुनी गोधडी गुंडाळा, वरून थोडी फट ठेवून.

दिंडोरी तालुक्यातून : शेतातल्या घरी टाकी आहे, विहिरीचं पाणी, तेही ठेवून मग घालतो. तीन वर्षं सगळं छान होतं. ऑक्टोबरात पाणी बदललं आणि दोन तासांत सगळे मासे आणि गोगलगायी पण गेल्या. टीडीएस मीटरने बघितलं, नेहमीचाच आकडा.

गोगलगायी पण गेल्या म्हणालात ते बरं केलं. दोन तासांत सगळं साफ होतं तेव्हा अमोनिया नसतो, विष असतं, आणि गोगलगायी सोबत गेल्या की माझा पहिला संशय तांब्यावर. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या छाटणीचा मोसम आणि मग फवारण्या. डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारताना मोरचूद (त्यात तांबंच असतं) ज्या बादलीत भिजवला ती बादली, किंवा तो मग, तो पाइप, घरातल्या कुणीतरी धुवून टाकीसाठी वापरला का ते विचारा. माणसाच्या दृष्टीने धुतलेली बादली माशाच्या दृष्टीने धुतलेली नसते. टीडीएस मीटर पाण्यात एकूण किती काय विरघळलंय तेवढं सांगतं, त्यात तांबं आहे की चुना हे त्याला कळत नाही, आणि मारायला तांबं लागतं अगदी थोडं. कीटकनाशकांचंही तेच, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, ती माशांना फार घातक. घरातलं डासांचं लिक्विड त्याच कुळातलं असतं, तेही टाकीजवळच्या प्लगला लावू नका, एअर पंप खोलीतली हवाच ओढून पाण्यात सोडत असतो.

टाकीसाठी एक बादली आणि एक पाइप वेगळे ठेवा, रंगाने ओळखू येतील असे, आणि शेताकडे नेऊच नका. जुनं ग्रॅव्हल टाकून द्या. फवारा चालू असेल त्या दिवशी खिडकी बंद आणि टाकीवर झाकण.

कॉलेज रोड : सुरुवातीला आणलेले गप्पी नर एकदम भडक होते, आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत सगळे मातकट, शेपट्या लहान. फूड बदलू का?

फूडने थोडं होईल. नारिंगी रंगातलं कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य गप्पी स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातून, निसर्गात शेवाळातून वगैरे येतं, म्हणून स्पिरुलिना असलेलं फूड आणि काचेवर थोडं शेवाळ असू द्या. पण शेपटीचं कारण वेगळंय. दुकानातला भडक गप्पी हा पिढ्यानपिढ्या निवडून निवडून तयार केलेला असतो. तुम्ही निवड थांबवली, सगळे एकत्र सोडले, की तो मूळ रूपाकडे जायला लागतो, वर भावंडांतच जोड्या लागतात.

रंगाची ही भानगड फार सुंदर आहे म्हणून थोडं विषयांतर. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत धबधब्याच्या वर मोठे शिकारी मासे पोचू शकत नाहीत, तिथले गप्पी नर रंगीबेरंगी, आणि त्याच ओढ्यात खाली जिथे शिकारी आहेत तिथले नर फिकट, कमी ठिपक्यांचे. जॉन एंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने मग गप्पी स्वतः बांधलेल्या तळ्यांत ठेवले, काही तळ्यांत शिकारी सोडला, काहींत नाही. शिकारी असलेल्या तळ्यांत नर थोड्याच पिढ्यांत साधे झाले, नसलेल्यांत ठिपके वाढत गेले. हे त्याने 1980 साली छापलं आणि आज उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत. कारण इतकंच की माद्यांना रंगीत नर आवडतो आणि शिकाऱ्यालाही तोच आधी दिसतो. दुकानात एंडलर म्हणून जो बारका चमकदार मासा मिळतो तो याच माणसाच्या नावाचा.

तुमच्या टाकीत शिकारी तुम्ही व्हायचं, म्हणजे मारायचं नाही, मातकट नर वेगळ्या टाकीत काढायचे, दोन-तीन चांगले नर ठेवायचे आणि माद्या नवीन आणायच्या. त्याही वेगळ्या दुकानातून, आणि दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच सोडायच्या. नर एक तर माद्या दोन-तीन हे प्रमाण ठेवा, नाहीतर नर मादीला जेवूसुद्धा देत नाहीत.

पंचवटीतून एक काका : गच्चीवरच्या हौदात डासांसाठी गप्पी सोडले होते, मलेरिया विभागाकडूनच आणले. आता शेकड्याने झालेत. गोदावरीत सोडले तर पुण्यच ना, तिथेही डास आहेत.

काका, हात जोडून सांगतो, नको. हौदात गप्पी ठेवणं चांगलं काम आहे, डासाच्या अळ्या तो आवडीने खातो आणि महापालिका देते ते त्यासाठीच, बंद हौद, कारंजं, बांधकामाचं साचलेलं पाणी. नदी बंद नाही. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदादकडचा, आपला नाही. घाण पाण्यातही तगतो, वर सांगितलं तसं एक मादी गेली तरी वसाहत उभी राहते. इथल्या छोट्या माशांची अंडी, पिल्लं आणि खाणं त्यालाही लागतं. त्याचा नात्यातला गंबुसिया, तोही डासांसाठीच जगभर सोडला, तो आज जगातल्या सगळ्यात उपद्रवी 100 परक्या प्रजातींच्या यादीत आहे. पाणवेलीचं काय झालं ते तर तुम्ही रोज घाटावरून बघता, तीही शोभेची म्हणूनच आली होती. रामकुंडावरून निघालेलं पाणी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जातं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते.

शेजारच्या गच्च्यांवर वाटा, शाळेला द्या, सोसायटीच्या कारंज्याला द्या. दुकानदार फुकट घेतात. गच्चीवरचा हौद पावसाळ्यात भरून वाहत असेल तर त्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर तुम्ही नाही सोडले तरी ते गटारातून निघतीलच. आणि यापुढे हौदात फक्त माद्या किंवा फक्त नर ठेवायचे ठरवलंत तर नरच ठेवा, का ते पहिल्या प्रश्नात आलंय.

सातवीतला एक विद्यार्थी, ओझर : माझ्या स्वोर्डटेलच्या मादीला अचानक तलवार आली. ती मुलगा झाली का?

बहुतेक ती आधीपासूनच मुलगा होती रे. स्वोर्डटेलमधे काही नर फार उशिरा वयात येतात, तोवर मोठे, गुबगुबीत, हुबेहूब मादीसारखे दिसतात, आणि मग एकदम फिन काडीसारखं होतं आणि तलवार फुटते. तिला कधी पिल्लं झाली होती का आठव. तारीख, लांबी आणि तलवार किती वाढली हे दर रविवारी वहीत लिहून ठेव आणि मला पाठव.

सातपूर : गप्पीबरोबर फायटर मासा ठेवला तर चालेल का?

लांब शेपटीच्या गप्पी नराला फायटर दुसरा फायटर समजतो आणि शेपूट कुरतडतो. आणि गप्पींनीच फायटरची कुरतडलेली मी दोन-तीन ठिकाणी पाहिलीय. वेगळे ठेवा.